कॅलिब्रेशन शिकायचंय? पान्याला हात लावण्याआधी स्लिप गेज पुसायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम आहे, मायक्रोमीटर आणि व्हर्निअर (कॅलिपर) ही बारीक मापं घेणारी साधनं रोज हातात असतात, आता हीच साधनं स्वतः कॅलिब्रेट करायला शिकायचंय. सुरुवात कुठून करावी, काय काय घ्यावं लागेल आणि कोर्स न करता जमेल का?

जमेल. कोर्समधून तुम्हाला शब्द, फॉर्म आणि आकडेमोड मिळते. ती लागतेच, पण पुस्तकातूनही शिकता येते. जे पुस्तकातून येत नाही ते म्हणजे हात, स्वच्छता आणि तापमानाचं भान. या तिन्ही गोष्टी कामाच्या टेबलावरच शिकाव्या लागतात आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून मी क्रम उलटा सांगतो.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. बहुतेक लोक कॅलिब्रेशन म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मायक्रोमीटरचा छोटा पाना घेऊन झिरो जुळवणारा माणूस असतो. ते ॲडजस्टमेंट झालं. कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात मापाशी तुलना करून साधन कुठे किती चुकतं हे शोधणं, आणि ते आपल्याला किती खात्रीने माहीत आहे हे आकड्यात लिहिणं. एकही स्क्रू न फिरवता पूर्ण कॅलिब्रेशन होऊ शकतं. उलट झिरो आधी जुळवला आणि मग मोजमाप घेतलं, तर साधन आजवर काय खोटं सांगत होतं तो पुरावाच पुसला जातो. म्हणून आधी जसं आलं तसं मोजा आणि नोंदवा. जुळवायचं असेल तर नंतर जुळवा आणि पुन्हा मोजा. दाखल्यात, म्हणजे कॅलिब्रेशन सर्टिफिकेटमध्ये, दोन्ही आकडे हवेत.

चिन्हाचा घोळ पहिल्याच दिवशी मिटवा. एरर म्हणजे साधनाने दाखवलेला आकडा वजा खरं माप. 25.000 मिमीचा गेज ठेवल्यावर मायक्रोमीटर 25.003 दाखवत असेल तर एरर +3 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि करेक्शन, म्हणजे रीडिंगमध्ये मिळवायची दुरुस्ती, −3 मायक्रॉन. अनुभवी मंडळीही दाखला वाचताना इथे अडखळतात आणि चूक कमी करायच्या ऐवजी दुप्पट करून ठेवतात.

आता साधनं. एक बऱ्या अवस्थेतला 0 ते 25 मिमीचा मायक्रोमीटर, शक्यतो 1 मायक्रॉन वाचता येणारा, आणि स्लिप गेजचा संच. सुरुवातीला एवढंच पुरे. स्लिप गेज म्हणजे ठरावीक लांबीच्या, आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या पोलादी किंवा सिरॅमिक वड्या. स्वीडनमधल्या एस्किल्सतूना इथल्या रायफल कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी 1896 मध्ये ही कल्पना मांडली. मोजके तुकडे एकमेकांना जोडून हजारो मापं तयार करायची ही त्यांची युक्ती आजही तशीच वापरात आहे. 87 नगांचा संच घेतलात तर 38.457 मिमी असं बनतं: 1.007, मग 1.45, मग 6 आणि शेवटी 30. शेवटचा दशांश अंक आधी संपवायचा, मग त्याच्या डावीकडचा. नग जितके कमी तितकं बरं, कारण प्रत्येक नग स्वतःची थोडी चूक बरोबर आणतो.

ग्रेडबद्दल, म्हणजे गेजच्या अचूकतेच्या पायरीबद्दल, फार डोकं शिणवू नका. आयएसओ 3650 या स्लिप गेजच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 10 ते 25 मिमीच्या गटात ग्रेड 0 ची मर्यादा ±0.14 मायक्रॉन, ग्रेड 1 ची ±0.30 आणि ग्रेड 2 ची ±0.60. मायक्रोमीटर तपासायला ग्रेड 1 भरपूर झाला. कॅलिपरसाठी ग्रेड 2 सुद्धा चालतो. जुना अंगठेनियम असा की ज्याच्याशी तुलना करायची ते माप तपासायच्या साधनापेक्षा किमान चारपट अचूक असावं. महागडा ग्रेड 0 घेऊन तो उघड्या बोटांनी हाताळणारे लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा ग्रेड 1 घ्या आणि नीट वापरा.

नीट वापरा म्हणजे काय? धागे न सुटणारं कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हातमोजे किंवा चिमटा. गेजवरचं गंजरोधक तेल पूर्ण पुसायचं, दोन गेज एकमेकांवर आडवे ठेवून हलक्या दाबाने सरकवत फिरवायचे आणि एका रेषेत आणायचे. पृष्ठभाग चांगले असतील तर ते असे चिकटतात की उचलल्यावर खालचा पडत नाही. याला रिंगिंग म्हणतात. चिकटत नसतील तर जोर लावू नका. मध्ये धूळ आहे, कडेला बर (धातूचा बारीक उंचवटा) आहे किंवा गेज झिजलाय. जोर लावला तर ती धूळ चरा पाडेल आणि दोन्ही गेज वाया जातील. काम संपलं की लगेच सोडवा, पुसा, तेल लावा आणि डब्यात ठेवा. रात्रभर चिकटलेले ठेवलेले गेज कधीकधी सुटतच नाहीत. पहिले काही आठवडे दुसरं काही केलं नाही आणि फक्त रिंगिंग नीट जमवलं, तरी वेळ वाया गेला असं समजू नका.

तापमानाकडे मात्र थांबून बघायला हवं, कारण नवशिक्यांच्या बहुतेक विचित्र रीडिंगचं मूळ तिथेच असतं. लांबीच्या मापांसाठी संदर्भ तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. हे 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आणि पुढे आयएसओचं क्रमांक 1 चं मानकही याच विषयावर निघालं. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. म्हणजे 100 मिमीचा गेज एका अंशाने तापला तर 1.15 मायक्रॉन वाढला. हा आकडा किरकोळ वाटतो. पण तोच गेज हातात धरून बोलत उभे राहिलात आणि तो पाच अंशांनी गरम झाला, तर जवळपास 6 मायक्रॉन गेले. मायक्रोमीटरची सगळी परवानगी, म्हणजे त्याला चालणारी चूक, त्यातच संपते.

मग शॉपमध्ये 20 अंश नसतील तर काहीच करता येणार नाही का? येतं. गेज पोलादी, मायक्रोमीटर पोलादी आणि दोघंही एकाच तापमानाला असतील, तर दोघं सारखेच वाढतात आणि तुलनेत फरक बहुतांशी कटतो. खोलीत 26 अंश असतील तरी दोघंही 26 ला आहेत ना, हे महत्त्वाचं. म्हणून गेज आणि साधन दोन्ही सरफेस प्लेटवर (अगदी सपाट केलेल्या पाट्यावर) किंवा जाड धातूच्या पाट्यावर शेजारी शेजारी ठेवून द्यायची आणि वाट बघायची. छोट्या साधनांना एक-दोन तास, मोठ्यांना रात्रभर. वर एसीचा झोत नको, बाजूला टेबल लॅम्प नको, खिडकीतून ऊन नको. घाईत असलेल्या माणसाला ही वाट बघणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो, पण कॅलिब्रेशनच्या कामाचा मोठा भाग वाट बघण्यातच जातो.

धातू वेगळे झाले की हा आधार तुटतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट, म्हणजे मीटरमागे दर अंशाला सुमारे 23 मायक्रॉन वाढतं. 30 अंशांना 100 मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब (मोजायचा तुकडा) पोलादी साधनाने मोजला, तर फक्त या फरकामुळे तो 11.5 मायक्रॉन मोठा दिसेल. कार्बाइडचे गेज याच्या उलट, पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वाढतात. तपासणी आणि ग्राहक यांच्यात होणारे कितीतरी वाद शेवटी याच हिशेबावर येऊन थांबतात.

आता हाताकडे या. 10 मिमीचा एक गेज घ्या आणि तोच दहा वेळा मोजा. प्रत्येक वेळी स्पिंडल (मायक्रोमीटरचा पुढे-मागे सरकणारा दांडा) पूर्ण मागे घ्या, गेज काढा, पुन्हा लावा. आकडा तुम्ही वाचायचा, पण लिहायचा दुसऱ्याने आणि मागचे आकडे तुम्हाला दिसता कामा नयेत. दिसले की मन नकळत तोच आकडा वाचतं. रॅचेट (दाब सारखा ठेवणारी टोकाची मूठ) दर वेळी सारख्याच संथ वेगाने फिरवा. झटक्याने फिरवला तर स्पिंडलच्या गतीमुळे दाब वाढतो आणि आकडा कमी येतो. दहा आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, काढा. हे साधनाचं कमी आणि तुमच्या हाताचं जास्त असतं. सहकाऱ्याकडून तेच करून घ्या आणि तुलना करा. 1 मायक्रॉन वाचणाऱ्या मायक्रोमीटरवर हा आकडा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आला की पुढे जा. दोन मायक्रॉन येत असेल तर पुढचं सगळं शिकण्यात अर्थ नाही, आधी हेच सुधारा.

मग येतो खरा मायक्रोमीटर. आधी डोळ्यांनी आणि बोटांनी बघा: स्पिंडल पूर्ण प्रवासात सारखा फिरतो का, कुठे जड लागतो का, लॉक लावल्यावर रीडिंग हलतं का, ॲन्व्हिलच्या (समोरच्या स्थिर तोंडाच्या) कडा तुटल्यात का. त्यानंतर तोंडांचा सपाटपणा. त्यासाठी ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट केलेली काचेची चकती, लागतो. एकरंगी प्रकाशात तो तोंडावर हलकेच ठेवला की काळ्या-उजळ पट्ट्या दिसतात आणि प्रत्येक पट्टी सुमारे 0.3 मायक्रॉन उंचीचा फरक दाखवते. दोन पट्ट्या दिसल्या म्हणजे साधारण 0.6 मायक्रॉन. सरळ रेषा दिसल्या तर तोंड सपाट, गोल वळणं दिसली तर मध्ये फुगलंय किंवा खचलंय. दोन्ही तोंडांची समांतरता बघायला ऑप्टिकल पॅरलल, म्हणजे दोन्ही बाजू सपाट आणि समांतर असलेल्या काचेच्या चकत्या, वापरतात. त्यांचा चार नगांचा संच मिळतो, जाडी 12.00, 12.12, 12.25 आणि 12.37 मिमीच्या आसपास. एवढ्या विचित्र जाड्या कशाला? कारण थिंबलचा (मायक्रोमीटरच्या रेषा कोरलेल्या फिरत्या नळीचा) एक फेरा 0.5 मिमीचा असतो आणि या चार जाड्यांमुळे तोच फेरा चार वेगवेगळ्या कोनांत तपासला जातो. स्पिंडलचं तोंड किंचित तिरकं असेल तर एका कोनात समांतर दिसेल, दुसऱ्यात नाही.

नेमका हाच विचार मापाच्या बिंदूंमध्येही आहे आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. नवशिका 5, 10, 15, 20, 25 असे गेज निवडतो. हे सगळे 0.5 च्या पटीत आहेत, म्हणजे थिंबल प्रत्येक वेळी शून्याच्याच रेषेवर थांबणार. थिंबलच्या बाकी सगळ्या रेषा न तपासताच राहतात. म्हणून प्रचलित संचात 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9, 15.0, 17.6, 20.2, 22.8 आणि 25 असे बिंदू असतात. त्यांना 0.5 ने भागून बघा: उरतात 0, 0.1, 0.2, 0.3, 0.4 आणि मग पुन्हा तोच क्रम, शेवटचा 25 मात्र 0 वर. लांबी पुढे सरकते आणि थिंबलचा कोनही फिरत राहतो.

या बिंदूंचे एरर आलेखावर मांडलेत की साधन स्वतःच बोलू लागतं. समजा 0 ला शून्य, 5.1 ला +1, 10.3 ला +2, 17.6 ला +3 आणि 25 ला +4 असं येतंय. हा सरळ चढ आहे, स्क्रूच्या पिचची (दोन आट्यांमधल्या अंतराची) साठत जाणारी चूक. पण 2.5, 15 आणि 25 ला शून्य आणि 7.7 व 20.2 ला +2 येत असेल, तर ती थिंबलच्या प्रत्येक फेऱ्यागणिक परत येणारी चूक आहे. आणि सगळीकडे ठीक पण एकाच पट्ट्यात उडी दिसली, तर मी आधी विचारतो की हा मायक्रोमीटर कोणत्या मशीनवर होता. वर्षानुवर्षं एकाच मापाचा जॉब मोजला जात असेल तर स्क्रू नेमका तेवढ्याच भागात झिजतो. झिरो तपासून हे कधीच कळत नाही, कारण झिरोपाशी स्क्रूची झीज जवळपास नसते. रोज सकाळी झिरो बघून समाधान मानणाऱ्यांना हे आवर्जून सांगतो.

वरच्या पहिल्या उदाहरणात झिरो जुळवून फायदा आहे का? स्लीव्ह (मुख्य पट्टी कोरलेली नळी) फिरवल्याने आलेखाचा आकार बदलत नाही, तो फक्त वर-खाली सरकतो. 0 ते +4 चा आलेख 2 मायक्रॉन खाली घेतला तर −2 ते +2 होईल. कागदावर छान दिसतं, पण आता तोंडं मिटल्यावर साधन शून्य दाखवणार नाही आणि वापरणारा उद्या सकाळी ते पुन्हा ‘दुरुस्त’ करून टाकेल. मी असं सहसा करत नाही.

आता आकडेमोडीचा भाग, ज्याला सगळे घाबरतात: अनिश्चितता. घाबरण्यासारखं काही नाही. आपला एरर किती खात्रीचा आहे, एवढंच विचारायचं. वरच्याच मायक्रोमीटरसाठी 25 मिमीला हिशेब करू. ग्रेड 1 गेजची मर्यादा ±0.30, ती 3 च्या वर्गमूळाने भागली की 0.17. डिस्प्लेचं 1 मायक्रॉनचं रिझोल्यूशन (दिसणारा सर्वांत लहान टप्पा), त्यातून 0.29. तुमच्या हाताचं 0.5. गेज आणि साधनात अर्ध्या अंशाचा फरक असू शकतो असं धरलं तर 25 मिमीला 0.14, तेही 3 च्या वर्गमूळाने भागून 0.08. आता या चारींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या: साधारण 0.61. ते दुप्पट केलं की 1.2 मायक्रॉन. ही सुमारे 95 टक्के खात्रीची अनिश्चितता. बारकावे आणखी आहेत, पण चौकट हीच.

या चार आकड्यांकडे नीट बघा. सगळ्यात मोठा तुमचा हात आहे. ग्रेड 0 चा गेज आणला तरी एकूण आकडा जेमतेम हलेल. पैसे कुठे घालायचे आणि मेहनत कुठे करायची याचं उत्तर हाच हिशेब देतो, म्हणून तो मी लवकर शिकायला सांगतो.

आणि तो निकालातही येतो. समजा परवानगी ±4 आहे आणि एरर +3 आला. पास? 3 मध्ये 1.2 मिळवले की 4.2, म्हणजे खरा एरर रेषेपलीकडेही असू शकतो. काही ठिकाणी फक्त आकडा बघून पास देतात, काही ठिकाणी अनिश्चिततेइतकी जागा आत सोडतात. दोन्ही चालतं, पण कोणता नियम लावायचा ते मोजण्याआधी ठरलेलं हवं. आयएसओ/आयईसी 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाच्या 2017 च्या आवृत्तीत हा निर्णयाचा नियम ग्राहकाशी आधी ठरवून घ्यायला सांगितलं आहे.

मायक्रोमीटर जमला की कॅलिपर सोपा वाटेल आणि तिथेच फसाल. एर्न्स्ट आबे यांनी 1890 मध्ये मांडलेलं तत्त्व असं की मोजायची लांबी आणि मोजपट्टी एकाच रेषेत असाव्यात. मायक्रोमीटरमध्ये त्या असतात. कॅलिपरमध्ये पट्टी वर आणि जॉब खाली जॉमध्ये (पकडणाऱ्या जबड्यांत), म्हणून सरकता जॉ जरासा डुलला की माप बदलतं. तोच गेज जॉच्या मुळाशी आणि टोकाशी धरून दोन्ही रीडिंग घ्या. फरक दिसला तर स्लायड ढिली आहे किंवा जॉ झिजलेत. जॉ मिटवून उजेडासमोर धरा, मध्ये प्रकाशाची रेघ दिसू नये. आतल्या जॉसाठी सेटिंग रिंग (आतला व्यास नेमका माहीत असलेली रिंग) वापरा. पण लहान भोकात या जॉच्या सपाट कडांमुळे माप मुळातच खऱ्यापेक्षा कमी येतं, ती साधनाची चूक म्हणून लिहू नका. डेप्थ रॉड (खोली मोजायची दांडी) हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. दोन सारखे गेज सरफेस प्लेटवर ठेवून त्यांच्यावर पट्टीचं टोक टेकवा आणि मधल्या फटीत रॉड सोडा.

बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या डायल गेजमध्ये एक वेगळी सवय लावून घ्यावी लागते. प्लंजर (डायलची आत-बाहेर होणारी दांडी) आत जाताना सगळे बिंदू घ्या आणि मागे फिरताना तेच बिंदू पुन्हा घ्या. दोन्ही प्रवासांतला फरक म्हणजे आतल्या दात्यांचा ढिलेपणा आणि घर्षण, तो एका दिशेने मोजून कळतच नाही. मध्येच एखाद्या बिंदूपुढे गेलात तर मागे येऊन तो बिंदू गाठू नका, पहिल्यापासून सुरू करा. स्टँडवर डायल तिरका बसला असेल तर 10 अंशांच्या तिरकेपणाने दीड टक्का जास्त माप दिसतं. अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीत ते जवळपास 8 मायक्रॉन होतात.

हाइट गेज, बोअर गेज, प्लग आणि रिंग गेज हे सगळं याच पायावर पुढे येतं. सरफेस प्लेटचं कॅलिब्रेशन मात्र सध्या बाहेरूनच करून घ्या. त्याला इलेक्ट्रॉनिक लेव्हल किंवा ऑटोकोलिमेटर असं बारीक तिरकेपणा मोजणारं साधन लागतं आणि तो वेगळाच विषय आहे.

तुमचे स्लिप गेज मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेट करून आणलेले हवेत, नाहीतर वरची सगळी मेहनत हवेत राहते. प्रयोगशाळेचा संदर्भ गेज त्याहून वरच्या प्रयोगशाळेने तपासलेला असतो, शेवटी राष्ट्रीय मापनसंस्थेत तो लेसरच्या तरंगलांबीशी मोजला जातो आणि तिथून थेट मीटरच्या व्याख्येपर्यंत साखळी पोचते. 1983 पासून मीटर म्हणजे प्रकाशाने निर्वात पोकळीत 1/299792458 सेकंदात कापलेलं अंतर. या साखळीची एक कडी जरी कागदावर नसेल तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाला मान्य करायला लावता येणार नाही.

दाखला आला की फक्त शिक्का आणि तारीख बघून फाईलला लावू नका. एरर किती, अनिश्चितता किती, तापमान किती, कोणत्या बिंदूंवर मोजलं, हे वाचा. ‘कॅलिब्रेटेड’ असं स्टिकर असलेलं साधन 10 मायक्रॉन चुकीचं असू शकतं, दाखल्यात ते प्रामाणिकपणे लिहिलेलंही असतं आणि तरी कुणी वाचलेलं नसतं. पुढची तारीख कोण ठरवतं हेही लक्षात घ्या. 17025 प्रमाणे, ग्राहकाशी तसं ठरलेलं असल्याशिवाय प्रयोगशाळेने दाखल्यावर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख सुचवायची नसते. ते काम साधन वापरणाऱ्याचं. वर्षभर हा सुरुवातीचा अंदाज ठीक, पण तीन-चार वेळचे एरर एकाखाली एक लिहा. सरकत नसतील तर मुदत वाढवा, एका दिशेने सरकत असतील तर कमी करा.

आणि एखादं साधन मर्यादेबाहेर सापडलं तर ते बाजूला ठेवून लाल टॅग लावणं ही फक्त सुरुवात आहे. मागचा चांगला दाखला कोणत्या तारखेचा, तेव्हापासून त्या साधनाने कोणते जॉब पास केले आणि त्यातले कोणते टॉलरन्सच्या काठावर होते, हे शोधावं लागतं. यासाठी तपासणीच्या प्रत्येक नोंदीत साधनाचा क्रमांक लिहिलेला असावा लागतो. तुमच्या शॉपमध्ये तो आज लिहिला जात नसेल, तर स्लिप गेज मागवण्याआधी तो रकाना सुरू करा.